किती टक्के चालतं?

प्रबंध लिहायला घेतलेली मुलं हल्ली पहिल्याच भेटीत विचारतात, "मॅडम, किती टक्के चालतं?" बडोद्यात गेली कित्येक वर्षं मी अशा मुलांचं लिखाण तपासून देते. विषय अर्थशास्त्राचा असो की नाट्यशास्त्राचा, हा प्रश्न ठरलेलाच. टक्के म्हणजे दुसऱ्यांच्या मजकुराशी जुळणारा भाग. तो सॉफ्टवेअर मोजतं.

मुलांचं अगदीच चुकतं असं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियमच टक्क्यांत आहेत. मजकूर १० टक्क्यांपर्यंत जुळला तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. ४० ते ६० असेल तर एक वर्ष प्रबंध देता येत नाही आणि ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. त्यामुळे रिपोर्टवर ९ टक्के दिसले की मुलं पेढे वाटायला मोकळी! अशा वेळी मी त्यांना जर्मनीच्या दोन मंत्र्यांची गोष्ट सांगते. तीच आज तुम्हालाही सांगते.

जर्मनीत 'डॉक्टर' या उपाधीला फार मान. ओळखपत्रावर आणि पासपोर्टवरसुद्धा ती छापून घेता येते. २०११ साली तिथले संरक्षणमंत्री होते कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग. वय अवघं ३९, घराणं सरदारांचं आणि लोकप्रियता अशी की पुढचे चॅन्सेलर म्हणून त्यांचं नाव घेतलं जायचं. बायरॉइट विद्यापीठाने त्यांना कायद्याची डॉक्टरेट सर्वोच्च श्रेणीत दिली होती.

त्यांच्या प्रबंधाचं परीक्षण लिहायला ब्रेमेनचे प्राध्यापक आंद्रेआस फिशर-लेस्कानो बसले. काही वाक्यं त्यांनी सहज इंटरनेटवर शोधून पाहिली, तर ती आधीच दुसरीकडे छापलेली! प्रस्तावनेची सुरुवातच एका जुन्या वृत्तपत्रीय लेखातून उचललेली होती. १६ फेब्रुवारीला बातमी फुटली. आरोप निरर्थक आहेत, असं मंत्रिमहोदय म्हणाले. मग ओळखदेख नसलेली शेकडो माणसं इंटरनेटवर एकत्र आली आणि त्यांनी प्रबंध पान न् पान तपासला. ३९३ पानांपैकी ३७१ पानांवर त्यांना उचललेला मजकूर सापडला.

चॅन्सेलर आंगेला मर्केल यांनी आधी पाठराखण केली. मी मंत्री नेमला आहे, संशोधन सहायक नव्हे, अशा अर्थाचं त्या बोलल्या. तिथेच ठिणगी पडली. वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत आणि ग्रंथालयात राबणाऱ्या हजारो तरुण संशोधकांनी त्यांना खुलं पत्र लिहिलं. आमच्या कष्टांना काही किंमत आहे की नाही, असा त्यांचा सवाल होता. २३ फेब्रुवारीला विद्यापीठाने पदवी काढून घेतली आणि १ मार्चला मंत्रिपद गेलं. मुद्दाम फसवलं नाही, असं गुटेनबर्ग सांगत राहिले. विद्यापीठाच्या चौकशी समितीचा निष्कर्ष मात्र उलटा निघाला.

ही झाली पहिली गोष्ट. यातली चोरी कुठल्याही सॉफ्टवेअरने पकडली असती. दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे, आणि माझ्या मते तुमच्यासाठी जास्त कामाची.

या प्रकरणात, मला नुसती मनातल्या मनात लाज वाटत नाही, असं उघडपणे म्हणणाऱ्या एक मंत्री होत्या. त्या म्हणजे शिक्षण आणि संशोधन खात्याच्या आनेटे शावान. पुढच्याच वर्षी त्यांच्या स्वतःच्या प्रबंधावर आरोप झाले. प्रबंध १९८० चा, ड्युसेलडॉर्फ विद्यापीठातला आणि विषय काय, तर माणसाची सदसद्विवेकबुद्धी! पानंच्या पानं जशीच्या तशी उतरवल्याचा हा मामला नव्हता. मूळ विचारवंतांबद्दल दुसऱ्या अभ्यासकांनी जे लिहिलं होतं, ते शब्द थोडे इकडेतिकडे करून आपण स्वतः वाचल्यासारखं मांडलं, असा आक्षेप होता. फेब्रुवारी २०१३ मध्ये पदवी गेली आणि चारच दिवसांनी मंत्रिपदही. फसवण्याचा हेतू नव्हता, असं म्हणत त्या न्यायालयात गेल्या, पण २०१४ साली निकाल विद्यापीठाच्या बाजूने लागला.

इथे टक्के मोजून काय हाती लागणार? शब्द बदलले की टक्के खाली येतात, पण विचार ज्याचा त्याचाच राहतो. काही मुलं आज हेच करतात. परिच्छेद एआयला देतात, "शब्द बदलून दे" म्हणतात आणि रिपोर्ट स्वच्छ आला की निर्धास्त होतात. शावानबाईंच्या वेळी एआय नव्हतं, एवढाच काय तो फरक.

दुसऱ्याचं घेणं हा गुन्हा नाहीच. विद्या अशीच पुढे जाते. आयोगाच्या नियमांतही, नाव देऊन अवतरणात घेतलेला मजकूर त्या टक्क्यांत धरत नाहीत. वाचणारा माणूस गृहीत धरतो की नाव दिलं नाही ते तुमचं. तो विश्वास मोडला की मोठमोठी माणसं खाली येतात. हंगेरीचे राष्ट्राध्यक्ष पाल श्मिट यांच्या नावावर तलवारबाजीतली दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं होती, पण ऑलिंपिकवरच्याच प्रबंधातली उचलेगिरी उघड झाल्यावर २०१२ साली त्यांना पद सोडावं लागलं. पदकं कुणी काढून घेतली नाहीत, कारण ती त्यांनी स्वतः मिळवली होती.

म्हणून मुलांनो, तीन सवयी लावून घ्या. टिपण काढतानाच पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक लिहा, नंतर ते आठवत नाही. वाचून झालं की पुस्तक मिटा, आणि समजलं तेवढंच आपल्या शब्दांत उतरवा. तरीही तो विचार कुणाचा, ते सांगाच. मूळ ग्रंथ न वाचता दुसऱ्याच्या लेखातून काही घेतलं असेल, तर तसंच स्पष्ट लिहा. त्यात कमीपणा नाही.

गुटेनबर्ग यांनी पुढे इंग्लंडमधल्या साउदम्प्टन विद्यापीठातून नव्या विषयावर पुन्हा डॉक्टरेट केली. म्हणजे कष्टाचा रस्ता तेव्हाही होता. तुमच्यासमोर तो आज पहिल्याच पानापासून आहे. तोच धरा.