जुन्या धुराड्याला नवे अस्तर
ब्रिटनमधल्या व्हिक्टोरियन घरांची विटांची धुराडी आतून चुन्याने, कित्येकदा त्यात शेण कालवून, लिंपलेली असत. पक्क्या अस्तराची सक्ती इंग्लंड-वेल्समध्ये नव्या घरांना १९६५च्या बांधकाम नियमांनी आली. शंभर वर्षे चालले, मग आता काय बिघडले, हा आक्षेप रास्त वाटतो. पण बदलली आहे ती शेगडी. उघड्या शेकोटीतून भरपूर गरम हवा वर जाई. बंद स्टोव्ह उष्णता खोलीत राखतो, त्यामुळे रुंद धुराड्यात मोजका धूर रेंगाळतो, थंडावतो, आणि विटांवर डांबर व आम्ल साचते. सांधे झिजले की वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड वरच्या खोलीत, जोडघर असेल तर शेजाऱ्याकडेही शिरतो. यावर उपाय म्हणून धुराड्यात स्टेनलेस स्टीलच्या लवचीक नळीचे अस्तर वरून सोडणे सोपे दिसते. कस लागतो तो व्यास निवडण्यात, पोलादाची प्रत ठरवण्यात (कोळशाला ९०४, नुसत्या लाकडाला ३१६) आणि शेवटी धूर सोडून गळती तपासण्यात. ते जमत नसेल, तर स्टोव्हच न बसवलेला बरा.