तुरुंगाचा पैसा आधी जामिनासाठी

जोयड्याच्या माणसाला जिल्हा कारागृह गाठायचं म्हणजे अणशीचा घाट उतरून कारवारला जावं लागतं. मोठं मध्यवर्ती कारागृह बेळगावजवळ हिंडलग्याला. आतल्या माणसाला भेटायचं तर जंगलपट्ट्यातल्या कुणबी घराची दिवसभराची मजुरी बुडते. आत जेवण कसं आहे, डॉक्टर येतो का, झोपायला जागा मिळते का, हे सारं ठरतं ते राज्याच्या अंदाजपत्रकात, कारण राज्यघटनेनं तुरुंग हा विषय राज्यांकडे दिला आहे. हा पैसा वाढायला हवाच. पण तो आधी कुठे लागावा, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. माझ्या मते नव्या बराकींआधी तो जामिनासाठी आणि वकिलांसाठी लागावा.

आकडे तेच सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार 2022 अखेर देशातल्या तुरुंगांची क्षमता 4,36,266 होती आणि बंदी होते 5,73,220. त्यांतले 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा अजून सिद्ध न झालेले. यांतले एकतृतीयांश बाहेर आले, तरी देशाच्या एकूण हिशोबात कैदी क्षमतेत मावतात, तेही एक वीट न रचता. गर्दी हटली की संडास, पाणी, अन्न, औषधं यांवरचा ताणही हलका होतो. राममूर्ती विरुद्ध कर्नाटक राज्य हा खटला बंगळूरच्या मध्यवर्ती कारागृहातल्या एका कैद्यानं सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रातून उभा राहिला. 1996 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांचे नऊ प्रश्न मांडले. गर्दी आणि लांबलेले खटले त्यांत होते, तसेच आरोग्य, अन्न आणि कपडेही.

केंद्रानं 2023 मध्ये गरीब कैद्यांसाठी योजना आणली. तिच्या मूळ नियमांनुसार जामिनाच्या रकमेसाठी कच्च्या कैद्याला 40,000 रुपयांपर्यंत आणि दंड भरण्यासाठी शिक्षा झालेल्याला 25,000 रुपयांपर्यंत मदत ठरली होती. निर्णय जिल्हा पातळीवरची समिती घेते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार आधी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या आरोपीला कमाल शिक्षेचा एकतृतीयांश काळ तुरुंगात काढल्यावर जामीन मिळू शकतो. जन्मठेप किंवा फाशीची तरतूद असलेले गुन्हे आणि आणखी काही प्रकरणं मात्र यातून वगळली आहेत. हे हक्क कागदावरून कोठडीपर्यंत पोचवायला विधी सेवा प्राधिकरणाचे वकील आणि कारकून लागतात. पैसा तिथे हवा.

जोयड्यात विचारलं जाईल, की आमच्या गावात डॉक्टर नाही आणि कैद्याला कशाला? गावाची मागणी रास्त आहे आणि ती वेगळी लढायलाच हवी. पण बाहेरचा माणूस निदान दुसऱ्या दवाखान्याची वाट धरू शकतो; कैद्याचं दार सरकारनं बंद केलेलं असतं, म्हणून त्याची जबाबदारीही सरकारचीच. तुरुंग सुखाचा झाला तर धाक उरणार नाही, असंही म्हणतात. न्यायालय शिक्षा देतं ती स्वातंत्र्य हिरावण्याची. आजार आणि उपासमार त्या निकालात लिहिलेली नसते. आणि पैसा नाही ही सबब? 1980 मध्ये रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात न्यायालयानं सांडपाण्यासारख्या मूलभूत गोष्टीतही ती मानली नव्हती. शिवाय जामिनाची मदत एकदाच द्यावी लागते, कैद्याला आत ठेवण्याचा खर्च मात्र रोज चालू राहतो. आमदारांनी अंदाजपत्रकावर बोलताना नव्या बराकींबरोबर एवढंही विचारावं: यंदा आपल्या जिल्ह्यात किती गरीब कच्चे कैदी या मदतीनं घरी परतले?