पलासियाचा रस्ता मुंबईत जातो

इंदूरच्या पलासिया चौकातून जाणारा एबी रोड म्हणजे जुना आग्रा-मुंबई रस्ता. हमरस्त्याची जड वाहनं आता बायपासने जातात आणि पलासियाला दुकानं, दवाखाने, सिग्नलची गर्दी उरली आहे. पण रस्ता तोच. इथून मुंबई सहाशे किलोमीटरांच्या थोडी आतच.

मुंबई पाहायला निघालेला इंदूरकर बहुधा अवंतिका एक्स्प्रेस पकडतो, मुंबई सेंट्रलला उतरतो आणि थेट गेटवे गाठतो. हौसेने मुंबई पाहणाऱ्याने एकदा तरी या शहरात जमिनीकडून शिरावं, असं मला फार वाटतं. मानपूरचा घाट उतरला की विंध्य मागे पडतो. मग खलघाटची नर्मदा, सेंधव्यापुढचा बिजासन घाट, शिरपूर, तापी, धुळे, मालेगाव, नाशिक आणि शेवटी कसाऱ्याचा घाट. ठाण्यापासून शीवपर्यंतच्या जुन्या रस्त्यावर आज लाल बहादूर शास्त्री मार्ग अशी पाटी असते. पूर्वी त्यालाही आग्रा रोडच म्हणत.

शीवला थांबायलाच हवं. शीव म्हणजेच सायन; तिथल्या स्थानकाजवळच्या टेकडीवर एक छोटा पडका किल्ला आहे. जेराल्ड आँजिए मुंबईचा गव्हर्नर असताना, १६६९ ते १६७७ या काळात, तो इंग्रजांनी बांधला. मुंबई तेव्हा बेटांची होती. खाडीपलीकडची साष्टी पोर्तुगीजांकडे. १७३७मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली, १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. वसईच्या त्या मोहिमेत इंदूरच्या होळकर घराण्याचे मल्हारराव होळकर होते. पुढे १७७४च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेईपर्यंत, या टेकडीवरच्या पहारेकऱ्याला समोर मराठ्यांचा मुलूख दिसत असणार. इंदूरहून आलेल्या माणसाने हा किल्ला न पाहता पुढे जावं, हे मला पटत नाही. शीवच्या खाडीवरचा बांध १८०५च्या सुमारास पुरा झाला आणि बेट साष्टीला जोडलं गेलं.

मुंबईच्या वैभवाचं श्रेय कापसाला आणि गिरण्यांना देण्याची पद्धत आहे. त्याआधीचा मोठा पैसा अफूचा होता आणि ती अफू आपल्या माळव्याची. माळव्यातले बरेचसे मुलूख संस्थानिकांचे, त्यामुळे बंगालसारखी मक्तेदारी ईस्ट इंडिया कंपनीला इथे जमली नाही. माल राजपुताना आणि सिंधमार्गे पोर्तुगीजांच्या दमणला निसटायचा. शेवटी १८३०च्या सुमारास कंपनीने नमतं घेतलं: पासचे पैसे भरा आणि माल खुशाल मुंबईला न्या. १८४३मध्ये सिंध इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि ती आडवाटही बंद झाली. माळव्याच्या पेट्या मुंबई बंदरातून चीनला जाऊ लागल्या.

या व्यापारातलं सर्वांत मोठं नाव सर जमशेटजी जीजीभाई. त्यांच्या देणगीतून १८४५मध्ये जे. जे. रुग्णालय उभं राहिलं आणि १८५७मध्ये जे. जे. कला विद्यालय सुरू झालं. माहीमचा बांध त्यांच्या पत्नी आवाबाईंच्या पैशातून झाला. भायखळ्याला किंवा माहीमला उभं राहून या दानशूर घराण्याची कहाणी ऐकताना माळव्यातला शेतकरी आठवावा, तसा या अफूने उद्ध्वस्त झालेला चिनी माणूसही आठवावा. दान खरं होतं आणि पैसाही त्या विषाचाच होता. दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्याशिवाय मुंबईची ओळख पुरी होत नाही.

पुढे या रस्त्याने माणसं गेली. पंढरपूरला जन्मलेले आणि इंदुरात वाढलेले एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून जगले. चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे इंदूरचेच. लता मंगेशकरांचा जन्मही इंदूरचा, १९२९चा.

क्रिकेटवेड्याने चर्चगेटजवळचं ब्रेबॉर्न स्टेडियम पाहावं. समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर ते १९३७मध्ये सुरू झालं. मार्च १९४५मध्ये रणजी करंडकाचा अंतिम सामना इथे मुंबई आणि होळकर संघांत झाला. होळकरांचे कर्णधार सी. के. नायडू. मुंबईच्या दुसऱ्या डावात विजय मर्चंटनी २७८ धावा काढल्या आणि होळकरांपुढे ८६७ धावांचं आव्हान आलं. इंदूरच्या मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतक ठोकलं. युद्धामुळे हिंदुस्थानात आलेला इंग्रज खेळाडू डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळत होता; तो २४९ धावांवर नाबाद राहिला. होळकर ३७४ धावांनी हरले, पण चौथ्या डावात त्यांनी ४९२ धावा केल्या होत्या. सामन्यात एकूण २०७८ धावा निघाल्या.

स्टेडियमपासून मरीन ड्राइव्हचा कठडा चालत काही मिनिटांवर आहे. एबी रोडने निघालेल्याला तिथे पश्चिमेकडे पुढे रस्ता नाही.