वरंब्यावरची केळ, सरीतला अळू

शेतीचा उगम म्हटला की पश्चिम आशियातले गहू-जव आणि चीनमधला भात आठवतो. धान्य टिकतं, जळालं तरी दाण्याचा आकार राखतं, म्हणून उत्खननात सापडतं. कंद मात्र कुजून मातीला मिळतो. उष्ण कटिबंधातल्या कंदमुळांच्या शेतीला इतिहासात उशिरा जागा मिळाली ती यामुळेच. ती मिळवून देण्यात मोठा वाटा पापुआ न्यू गिनीतल्या कुक या दलदलीचा. वाघी खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,५५० मीटर उंचीवर ही पाणथळ जमीन आहे. चहा संशोधन केंद्रासाठी तिथे चर खणले, तेव्हा त्यांच्या कडांत प्राचीन चरांच्या खुणा दिसल्या. १९७२पासून पुरातत्त्वज्ञ जॅक गोल्सन यांनी तिथे उत्खनन केलं. सुमारे ७,००० वर्षांपूर्वीच्या थरात मातीचे ठरावीक अंतरावर रचलेले उंचवटे निघाले. साचलेलं पाणी न सोसणारी केळ वर आणि ओल मागणारा अळू खाली, अशी दोन्ही पिकांची सोय या रचनेत एकाच शेतात होते. केळीचे सिलिकाचे सूक्ष्म कण मातीत आणि अळूच्या स्टार्चचे कण दगडी हत्यारांवर मिळाले. सुमारे ४,००० वर्षांपूर्वी चरांचं जाळंही आलं.

म्हणजे शेती इथे स्वतंत्रपणे उगवली. त्यावर ही पिकं बाहेरून आली असतील, असा आक्षेप घेतला जातो. पण आग्नेय आशियातले ऑस्ट्रोनेशियन दर्यावर्दी या भागात पोचले ते या उंचवट्यांनंतर तीनेक हजार वर्षांनी. इथे दहा हजार वर्षांपूर्वीचे खड्डेही मिळाले आहेत; ते नैसर्गिक असू शकतात, ही शंका मात्र रास्त आहे. म्हणून माझा भर उंचवट्यांवर आहे. तिसरा आक्षेप हवामानाचा: जंगल माणसाने नव्हे, हवामानाने हटवलं असेल. परागकण जंगल हटून गवताळ रान पसरल्याचं सांगतात, कोळशाचे कण आगीची साक्ष देतात. वणवे निसर्गतःही लागतात. पण इतक्या ओल्या प्रदेशात जंगल पुन्हा उभं राहायला हवं होतं. ते राहिलं नाही, कारण माणूस पुन्हा पुन्हा आग लावत राहिला.

म्हणजे हे शेतकरी निसर्गाला धक्का न लावणारे नव्हते. जंगल त्यांनी गमावलं. पण दलदल बुजवली नाही, तिचं पाणी वळवून तिच्यातच पीक घेतलं. जळगावच्या केळीच्या वंशावळीतही न्यू गिनीच्या रानकेळीचा अंश आहे. पाणथळ जमिनीला पडीक म्हणून भराव टाकण्याआधी हे ऋण आपण आठवायला हवं.