वंशाचा दिवा, सात समया आणि कुपीतलं तेल : बायबलच्या भविष्यवाणीत दिवा नेमकं काय सांगतो?

इंदूर : रात्री एक वाजता भंवरकुआं चौकातून गेलं, तर आसपासच्या गल्ल्यांत कितीतरी खिडक्यांत लाइट सुरू दिसते. कोचिंगसाठी बाहेरगावाहून आलेली पोरं-पोरी अभ्यासाला बसलेली असतात. गावाकडे आईबापांच्या तोंडी यांच्यासाठी एकच शब्द, 'वंशाचा दिवा'. हेच रूपक बायबलमधल्या संदेष्ट्यांनीही वापरलं आहे, हे मात्र फार जणांना ठाऊक नसतं.

इंदूरला ख्रिस्ती समाज जुना आहे. इथलं ख्रिश्चन कॉलेज कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८८७ मध्ये काढलं. डिसेंबर लागला की ख्रिस्ती घरांवर चांदणीचे कंदील लागतात. दुसरीकडे याच ग्रंथाचा आधार देत 'जगाचा अंत जवळ आला' असे मेसेज मोबाइलवर फिरतात. म्हणून या दिव्यांचा मूळ अर्थ समजून घेतलेला बरा.

दावीदाचा दिवा

इ.स.पू. दहाव्या शतकातली गोष्ट. अहीया नावाच्या संदेष्ट्याने अंगावरच्या नव्या वस्त्राचे बारा तुकडे केले आणि त्यातले दहा यराबामाला दिले. अर्थ असा, की दहा वंशांचं राज्य तुझ्याकडे जाईल. पण दावीदाच्या घराण्याकडेही थोडं राहील, म्हणजे यरुशलेमेत त्याचा दिवा तेवत राहील. इथे दिवा म्हणजे वारस, अगदी आपल्या वंशाच्या दिव्यासारखा. ख्रिस्ती लोक येशूला याच घराण्यातला मानतात. यशयाने अंधारातल्या लोकांना मोठा उजेड दिसेल असं सांगितलं. तो भाग नाताळात चर्चमध्ये आवर्जून वाचला जातो.

जात्याचा आवाज बंद, दिवाही बंद

यिर्मयाची भविष्यवाणी नेमकी उलट आहे. बाबेलचा राजा येईल, तेव्हा आनंदाचे आवाज, जात्याची घरघर आणि दिव्याचा उजेड हे सगळं नाहीसं होईल, असं तो बजावतो. पहाटेचं जातं आणि सांजेचा दिवा ही नांदत्या घराची खूण, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. पुढे इ.स.पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेम पडलं, मंदिर जळालं आणि लोक बाबेलला कैदेत गेले.

सात दिवे, दोन झाडं

कैदेतून परतलेले लोक मंदिर पुन्हा बांधायला निघाले, पण हाताशी ना पैसा ना सैन्य. इ.स.पू. ५२० च्या सुमारास जखऱ्याला दृष्टांत झाला. सोन्याचा सात दिव्यांचा दीपवृक्ष आणि दोन्ही बाजूंना जैतुनाची झाडं. त्या झाडांकडूनच तेल मिळतंय, माणसाने ओतायची गरज नाही. काम बळाने नाही तर देवाच्या आत्म्याने पुरं होईल, असा त्याचा अर्थ सांगितला गेला. साधारण पाच वर्षांत मंदिर उभं राहिलं. १९४९ मध्ये इस्रायलने राजचिन्ह ठरवलं, त्यात दीपवृक्षाच्या दोन्ही बाजूंना जैतुनाच्या फांद्या आहेत.

तेलाचं नातं आपल्याकडेही आहे. कोकणातले बेने इस्रायल लोक पिढ्यान्‌पिढ्या तेलघाण्याचा धंदा करत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या घरी शब्बाथचा दिवा लागे.

तेल उसनं मिळत नाही

येशूच्या दृष्टांतात दहा कुमारी दिवे घेऊन नवरदेवाची वाट बघतात. त्याला उशीर होतो. पाच जणींनी कुपीत जादा तेल आणलेलं असतं, पाच जणींनी नसतं. ऐनवेळी तेल आणायला धावलेल्या पाच जणी परत येतात तेव्हा दार बंद झालेलं असतं. शेवटी येशू सांगतो, की तो दिवस आणि ती घटका तुम्हाला माहीत नाही, म्हणून जागे राहा. अंताची तारीख काढून फिरवणाऱ्यांनी नेमकं हेच वाक्य वाचलेलं नसतं.

बायबलमधलं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण. त्यात योहानाला सोन्याच्या सात समया दिसतात. 'समया' हा आपला घरगुती शब्द मराठी बायबलमध्ये आला आहे. या समया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या सात गावांच्या मंडळ्या. त्यातल्या इफिसच्या मंडळीला तंबी मिळते, की पहिलं प्रेम सोडलंत, सुधारला नाहीत तर समई जागेवरून काढून घेऊ. म्हणजे भविष्यवाणी ही पत्रिकेतल्या भाकितासारखी नाही. 'सुधारलात तर' ही अट तिच्यात असते. पुस्तकाच्या शेवटी तर असं नगर येतं, जिथे दिव्याची गरजच उरत नाही.

या सगळ्यात यशयाचं एक चित्र मात्र सहसा मागे पडतं. देवाचा सेवक कसा असेल? धुमसणारी वातसुद्धा तो विझवणार नाही. भंवरकुआंच्या खोल्यांत निकालानंतर अशा कितीतरी वाती मिणमिणत असतात. वंशाचा दिवा म्हणून ज्यांना पाठवलं, त्यांच्यावर त्या वेळी फुंकर मारायची, की थोडं तेल घालायचं, हे घरच्यांच्या हातात आहे.