भटारखान्यात आधी बटण, मग हात

लग्नसराईत मंगल कार्यालयाच्या भटारखान्यात आचाऱ्यांबरोबर आपल्या मायबहिणीही राबतात. तिथे फरशी ओली, हात ओले, पाय अनवाणी आणि शेजारीच २३० व्होल्टवर चालणारा मिक्सर! ओल्या कातडीतून वीज सहज शिरते, हे ध्यानात ठेवा.

म्हणून उघड्या वायरी काड्यांनी खोचू नका. प्लगची वरची जाड पिन अर्थिंगची असते, ती तोडू नका. यंत्र धुण्याआधी प्लग काढा. कार्यालयवाल्यांनी वायरमनकडून ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवून घ्यावा, वीज जमिनीकडे गळू लागताच तो क्षणार्धात पुरवठा तोडतो.

तरीही कुणी चिकटलेच, तर हात लावू नका. नाही तर एकाचे दोन जीव जातील. आधी मेन स्विच बंद करा. तो सापडत नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला वायरीपासून दूर सारा. श्वास थांबला असेल तर एकाने १०८ ला फोन लावावा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहावे. माणूस उठून बसला तरी दवाखान्यात न्याच.

आणि हो, मेन स्विच कुठे आहे, हे भट्टी पेटण्याआधीच विचारून ठेवा.