मृग पाहायचा तर थंडीत

जूनच्या सात-आठ तारखेला 'मृग लागला' म्हणत आपण आभाळाकडे बघतो ते ढगांसाठी. मृग तेव्हा दिसायचाच नाही. मृग लागला म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात आला, आणि सूर्याजवळचे तारे उजेडात बुडालेले असतात. पृथ्वीची अर्धी फेरी झाली की डिसेंबरात तेच तारे रात्रभर डोक्यावर. ज्याच्या नावाने पेरणी करतो, त्याची गाठ पडते ती रब्बीत, रात्रीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी देताना.

विष्णुपुरीच्या जलाशयाकाठून तो छान दिसतो. नांदेड शहराचा उजेड ईशान्येला राहतो. डिसेंबरअखेर रात्री साडेआठच्या सुमारास पूर्वेकडे, अर्ध्या उंचीवर पाहा. एका ओळीत तीन तारे, तो बाण. भोवतीचे चार म्हणजे हरणाचे पाय. बाणाची रेष खाली वाढवा, रात्रीच्या आभाळातला सर्वांत तेजस्वी तारा, व्याध, सापडेल. वर वाढवली की तांबूस रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा झुबका.

हा झुबका अरबीत सुरय्या. आमच्याकडे मुलीचे नाव सुरय्या ठेवतात, शेजारी कृत्तिका. आभाळात दोघी एकच! रोहिणीचे जगभरच्या नकाशांतले नाव अल्देबरान, तेही अरबी. अर्थ 'पाठोपाठ येणारा', म्हणजे सुरय्याच्या. आपले पंचांगही कृत्तिकेनंतर रोहिणीच सांगते.

कृत्तिका, रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू. मे ते जुलै सूर्य याच क्रमाने जातो, एकेका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस. म्हणजे थंडीतले पूर्वेचे आभाळ ही खरिपाची दिनदर्शिकाच. पण ती तारीख सांगते, पाऊस पाडत नाही. पाऊस समुद्रावरच्या वाऱ्यांचा. शिवाय पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलत असल्याने नक्षत्राची तारीख ऋतूच्या मानाने साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. मृगावर भरवसा ठेवून कोरड्यात पेरले आणि दुबार पेरणीचे बियाणे उसने आणावे लागले, अशी घरे मराठवाड्यात गावोगाव आहेत. कृषी खाते ७५ ते १०० मिलिमीटर पावसाची वाट पाहा म्हणते, ते ऐकावे.

ग्रहही याच वाटेचे वाटसरू, कारण त्यांच्या कक्षा जवळपास एकाच पातळीत आहेत. या वाटेवर न लुकलुकणारा ठळक ठिपका दिसला तर तो बहुधा ग्रह. गुरूला पूर्ण फेरीला सुमारे बारा वर्षे लागतात. जानेवारी २०२६ मध्ये तो पुनर्वसूच्या जोडताऱ्यांजवळ होता. ७ जानेवारी १६१० रोजी गॅलिलिओने दुर्बिणीतून त्याच्याशेजारी तीन ठिपके पाहिले, काही दिवसांत चौथा. ते गुरूभोवती फिरणारे चंद्र होते. सगळे काही पृथ्वीभोवतीच फिरते, या समजुतीला त्या ठिपक्यांनी तडा दिला.

साध्या दोन डोळ्यांच्या दुर्बिणीतूनही ते दिसतात. कोपर कठड्यावर टेकवा. हात हलला की चंद्र नाचतात. चारांपैकी तीनच दिसले तर एखादा गुरूच्या आड असेल. तासाभराने पुन्हा पाहा.